डेटाबेस आवृत्तिविरोध
डेटाबेस आवृत्तिविरोध : मोठ्या संस्थेच्या कारभारासाठी वापरली जाणारी आज्ञावली ज्या डेटाबेस प्रणालीच्या आधाराने चालते, त्या प्रणालीची आज्ञावलीस अपेक्षित असलेली आवृत्ती आणि संगणकावर प्रत्यक्ष असलेली आवृत्ती यांचा मेळ न बसल्याने उद्भवणाऱ्या स्थितीस डेटाबेस आवृत्तिविरोध म्हणतात. लेखा, वेतन, भांडार, विक्री, रुग्णनोंदणी इ. कामांच्या आज्ञावली माहिती स्वतःजवळ साठवीत नाहीत. साठवण, शोध, एकाच वेळी अनेकांनी केलेल्या बदलांचे नियंत्रण आणि बिघाडानंतरची पुनःस्थापना ही कामे ऑरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल यांसारख्या स्वतंत्र प्रणालींवर सोपविलेली असतात. आज्ञावली एका निर्मात्याची, डेटाबेस दुसऱ्याचा आणि त्याखालील कार्यप्रणाली बहुधा तिसऱ्याची, अशी ही रचना असते. तिघांच्या सुधारणा आपापल्या गतीने होत राहतात आणि विरोधाचे मूळ तेथेच आहे.

हा विरोध तीन प्रकारे प्रकट होतो. पहिल्या प्रकारात आज्ञावली बसविण्याचे कामच आवृत्तीची तपासणी होताच थांबते. दुसऱ्यात आज्ञावली बसते, परंतु विशिष्ट काम करताना त्रुटी दाखविते. तिसऱ्या प्रकारात ती बसते, चालते, त्रुटीही दाखवीत नाही, मात्र तिने दिलेले उत्तर चुकीचे असते. कामाचा खोळंबा पहिल्या प्रकारात सर्वांत जास्त दिसतो, म्हणून तक्रारीही त्याच्याच अधिक होतात. वस्तुतः धोका तिसऱ्या प्रकारात सर्वाधिक असतो, कारण दोष ध्यानात येईपर्यंत चुकीच्या नोंदी बिनचूक नोंदींत मिसळून गेलेल्या असतात.

पार्श्वभूमी : संबंधाधिष्ठित डेटाबेसाची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. या कल्पनेवर आधारलेली ऑरॅकल ही प्रणाली १९७९ मध्ये विक्रीस आली. तिच्या या पहिल्याच विक्रीयोग्य आवृत्तीस ‘आवृत्ती २’ असे नाव देण्यात आले होते. म्हणजे आवृत्तिक्रमांक हा नेहमीच वस्तुस्थितीचा निदर्शक असतो असे नाही, याचा प्रत्यय या व्यवसायाच्या आरंभीच आला. एसक्यूएल या प्रश्नभाषेचे अमेरिकी मानक १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय मानक १९८७ मध्ये ठरले. तथापि प्रत्येक निर्मात्याने मानकात आपापली भर घातली आणि आज्ञावलींचे लेखक त्या भरीचाच सढळ उपयोग करीत आले. त्यामुळे एका प्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीवर सहसा चालत नाही, आणि पुष्कळदा त्याच प्रणालीच्या पुढील आवृत्तीवरही बदलांवाचून चालत नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलची नवी मुख्य आवृत्ती साधारणपणे दर वर्षी निघते व तिला सुमारे पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. व्यवस्थापकीय आज्ञावलीचा निर्माता मात्र आपल्या मालाची चाचणी ठराविक आवृत्त्यांवरच करतो आणि तेवढ्यांनाच मान्यता देतो. मान्य आवृत्त्यांचा जो तक्ता तो प्रसिद्ध करतो, त्यास सुसंगती तक्ता म्हणतात. एखादी आवृत्ती तक्त्यात नसणे म्हणजे तिच्यावर आज्ञावली चालत नाही असे नव्हे. ती चालते की नाही हे निर्मात्याने तपासलेले नाही आणि बिघाड झाल्यास तो जबाबदारी घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा भेद न जाणल्यामुळे कधी नाहक भीती तर कधी नाहक धाडस घडते.

क्रमांकांचा घोटाळा : पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७ पूर्वी पहिले दोन अंक मिळून मुख्य आवृत्ती ठरे. ९·५ व ९·६ या दोन वेगळ्या मुख्य आवृत्त्या असून त्यांच्या फायली परस्परांना वाचता येत नाहीत. आवृत्ती १० पासून केवळ पहिला अंक मुख्य ठरला. त्यामुळे १०·१ वरून १०·२ वर जाणे ही किरकोळ दुरुस्ती होय. ऑरॅकलने १२·२ नंतर वर्षावरून क्रमांक देण्यास प्रारंभ केला व २०१८ मध्ये एकदम १८ हा क्रमांक आला. त्यानंतरची आवृत्ती १९ ही अंतर्गत गणनेप्रमाणे १२·२ याच कुळातील आहे. मायएसक्यूएल ५·७ वरून ८·० वर गेली. तिच्यापासून २००९ मध्ये फुटून निघालेल्या मारियाडीबीने पुढे १० हा क्रमांक घेतला. ‘आठ किंवा त्यापुढील आवृत्ती हवी’ एवढेच तपासणारी आज्ञावली मारियाडीबी १० ला निःशंकपणे प्रवेश देते, जरी दोहोंत बरेच भेद असले तरी. याउलट, मारियाडीबी १० आपली ओळख सांगताना खऱ्या क्रमांकाच्या आधी ५·५·५ हा उपसर्ग लावीत असे. माहितीची प्रतिकृती घेणाऱ्या जुन्या यंत्रणेचा गोंधळ होऊ नये म्हणून केलेली ही योजना होती. तो उपसर्गच खरा क्रमांक मानणाऱ्या आज्ञावली तिला अतिजुनी ठरवून नाकारीत. क्रमांकाची तुलना संख्या म्हणून न करता अक्षरे म्हणून केल्यास १० हा ९ च्या आधी येतो, ही चूकही जुन्या आज्ञावलींत आढळते.

विरोधाची कारणे : आवृत्ती हा शब्द एकवचनी वापरला जात असला, तरी तपासावयाच्या गोष्टी अनेक असतात : डेटाबेसाचे मुख्य यंत्र, तकत्यावरील त्याच्या फायलींची घडण, आज्ञावलीने आखलेल्या तक्त्यांचा आराखडा आणि दोहोंना जोडणारा, ड्रायव्हर या नावाने परिचित असलेला दुवा. यांपैकी कोणताही एक घटक पुढे वा मागे राहिला, तरी परिणाम सारखाच दिसतो.

नव्या आवृत्तीत काही शब्द राखीव होतात. मायएसक्यूएल ८·० (२०१८) मध्ये ‘ग्रुप्स’, ‘रँक’, ‘विंडो’, ‘सिस्टिम’ हे शब्द राखीव झाले. वापरकर्त्यांच्या गटांसाठी ‘ग्रुप्स’ नावाचा तक्ता करणाऱ्या आज्ञावली विरळा नव्हत्या. त्या सर्वांची वाक्ये एकाएकी अशुद्ध ठरली. काही सवलती काढून घेतल्या जातात. पोस्टग्रेएसक्यूएल ८·३ (२००८) ने संख्या किंवा दिनांक यांचे मजकुरात आपोआप होणारे रूपांतर बंद केले. ही शिस्त योग्यच होती, कारण त्या रूपांतरामुळे तुलना चुकत असे. परंतु तोपर्यंत ढिलाईवर विसंबलेल्या पुष्कळ आज्ञावली तिने अडविल्या. आवृत्ती १२ (२०१९) मध्ये प्रणालीच्या अंतर्गत तक्त्यांतील काही जुने स्तंभ वगळले गेले आणि ते थेट वाचणारी साधने बंद पडली. काही वेळा केवळ गृहीत मूल्य बदलते. आवृत्ती १५ (२०२२) पासून नव्याने निर्माण केलेल्या डेटाबेसात सामान्य वापरकर्त्यास ‘पब्लिक’ या सामाईक विभागात तक्ते करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. बसविण्याच्या जुन्या सूचनापुस्तिकेबरहुकूम काम करणारा माणूस येथे हटकून अडतो, आणि चूक पुस्तिकेतही नसते व त्याच्याकडूनही झालेली नसते.

परवलीच्या शब्दाची पडताळणी हे असेच एक स्थान आहे. मायएसक्यूएल ८·० ने पडताळणीची अधिक सुरक्षित पद्धत गृहीत धरली. त्या वेळी प्रचारात असलेल्या अनेक ड्रायव्हरांना ती अवगत नव्हती. वापरकर्त्यापुरती जुनी पद्धत चालू ठेवावी, असा तोडगा तेव्हा सर्रास सुचविला गेला. तो तात्पुरता होता याचा अनेकांना विसर पडला आणि ९·० (२०२४) मध्ये जुनी पद्धत काढून टाकण्यात आल्यावर तीच अडचण पुन्हा उभी राहिली. पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही आवृत्ती १० मध्ये आलेली नवी पडताळणी आवृत्ती १४ (२०२१) पासून गृहीत झाली व जुने ड्रायव्हर उंबरठ्यावरच अडले. अशा प्रसंगी डेटाबेस मागे नेण्यापेक्षा ड्रायव्हर पुढे नेणे हाच योग्य मार्ग होय.

अक्षरे व लांबी : मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने जी अक्षरव्यवस्था पूर्वी होती, ती प्रत्येक अक्षरचिन्हास अधिकात अधिक तीन बाइट जागा देत असे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट पुरतात, त्यामुळे मराठी मजकुरास तिची अडचण झाली नाही. मात्र युनिकोडमध्ये २०१४ साली समाविष्ट झालेल्या मोडी लिपीच्या चिन्हांना चार बाइट लागतात. मोडी मजकूर या जुन्या व्यवस्थेत साठविण्याचा यत्न केल्यास प्रणाली कडक पद्धतीने चालत असेल तर नकार देते. नसेल तर पहिल्या मोडी चिन्हापासून पुढचा मजकूर छाटून टाकते. चार बाइटांची पूर्ण व्यवस्था ५·५ या आवृत्तीपासून (२०१०) उपलब्ध झाली आणि ८·० मध्ये ती गृहीत झाली.

परंतु या सुधारणेतून दुसराच विरोध उपजला. शोधसूचीतील एका नोंदीची कमाल लांबी जुन्या रचनेत ७६७ बाइट एवढी होती. २५५ अक्षरांचा स्तंभ तीन बाइटांप्रमाणे ७६५ बाइट व्यापतो, म्हणजे जेमतेम मावतो. चार बाइटांप्रमाणे तो १,०२० बाइट होतो आणि ‘सूची फार लांब आहे’ असे सांगून आज्ञावलीची उभारणी मध्येच थांबते. म्हणून अनेक आज्ञावलींच्या तक्त्यांत १९१ हा चमत्कारिक आकडा आढळतो; १९१ अक्षरे चार बाइटांप्रमाणे ७६४ बाइटांत बसतात. ५·७ या आवृत्तीत गृहीत झालेल्या नव्या रचनेत ही मर्यादा ३,०७२ बाइटांपर्यंत वाढली. तरीही मूळ जुन्या आवृत्तीत तयार झालेले तक्ते श्रेणीवर्धनानंतरही जुन्याच रचनेत राहू शकतात, त्यामुळे प्रणाली नवी असूनही त्रुटी जुनी दिसते.

वर्णक्रमाचा प्रश्न : हे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. शोधसूची ही कोशातील शब्दांसारखी वर्णक्रमाने लावलेली असते आणि शोध घेताना प्रणाली मधली नोंद पाहून उजवीकडे जावयाचे की डावीकडे, हे ठरविते. युनिकोडच्या अनुक्रमांकांप्रमाणे ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ नंतर व ‘व’ च्या आधी येते. मराठी वर्णमालेत ते ‘ह’ नंतर येते. कलम, कळप, कवच, कसर, कहर हे पाच शब्द अनुक्रमांकांप्रमाणे लावले आहेत असे समजू. पुढे वर्णक्रमाचा नियम बदलून मराठी वर्णमालेचा झाला, परंतु सूची तशीच राहिली. आता ‘कळप’ शोधताना मधला शब्द ‘कवच’ दिसतो. नव्या नियमाने ‘कळप’ त्याच्या पुढे असावयास हवा, म्हणून शोध उजवीकडे वळतो आणि शब्द नाही असे उत्तर मिळते. शब्द डावीकडे असतोच. एवढ्यावर भागत नाही. एका शब्दाची एकच नोंद असावी असा निर्बंध याच सूचीच्या आधारे पाळला जात असल्याने प्रणाली दुसऱ्या ‘कळप’ला बिनदिक्कत प्रवेश देते.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी तत्त्वतः असेच २०१८ नंतर व्यापक प्रमाणावर घडले. लिनक्स कार्यप्रणालीतील ग्लिबसी या मूलभूत संचाच्या २·२८ या आवृत्तीत (ऑगस्ट २०१८) अनेक भाषांचे वर्णक्रम नव्याने बांधण्यात आले. इंग्रजी पद्धतीत पूर्वी ‘११’ ही नोंद ‘१-१’ च्या आधी लागे. आता ती नंतर लागू लागली. मालाच्या सांकेतिक क्रमांकांत अशी जोडरेषा सर्रास असते. पोस्टग्रेएसक्यूएल वर्णक्रमासाठी बहुधा या संचावरच विसंबत असल्याने, रेड हॅट ८ किंवा डेबियन १० (दोन्ही २०१९) यांवर जुन्या फायली जशाच्या तशा नेणाऱ्यांच्या शोधसूची बिघडल्या. डेटाबेसाची आवृत्ती येथे बदललेलीच नव्हती. सूची नव्याने बांधणे हा उपाय सोपा आहे. परंतु तोवर शिरलेल्या दुहेरी नोंदी आधी हाताने निस्तराव्या लागतात. आवृत्ती १५ पासून ही प्रणाली वर्णक्रमाच्या आवृत्तीची नोंद ठेवून तफावतीची सूचना देते, आणि आवृत्ती १७ (२०२४) मध्ये कार्यप्रणालीवर न विसंबणारा अंगभूत वर्णक्रमही उपलब्ध झाला.

निवारण : प्रथम काय चालू आहे याचा शोध घ्यावा लागतो. यंत्रावर बसविलेल्या साधनाची आवृत्ती म्हणजे चालू डेटाबेसाची आवृत्ती नव्हे. एकाच यंत्रावर दोन आवृत्त्या शेजारी असू शकतात व आज्ञावली भलत्याच आवृत्तीशी जोडली गेलेली असू शकते. म्हणून ज्या जोडणीतून आज्ञावली बोलते, त्याच जोडणीतून प्रणालीला तिची आवृत्ती विचारणे इष्ट ठरते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये फायलींच्या संग्रहात आवृत्तिक्रमांकाची वेगळी नोंद असते आणि ती यंत्राशी जुळली नाही तर प्रणाली सुरू होण्यासच नकार देते. ही नोंद हाताने बदलून काम भागविण्याचा मोह आत्मघातकी आहे, कारण फायलींची घडण त्यामुळे बदलत नाही.

यानंतर माहितीची राखीव प्रत घेऊन ती दुसऱ्या यंत्रावर उलगडून पाहावी लागते. न उलगडलेली प्रत हा केवळ विश्वास असतो. येथे दिशेचे भान आवश्यक आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत घेतलेली प्रत जुन्या आवृत्तीत उलगडत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलचे प्रत घेण्याचे साधन आपल्यापेक्षा नव्या यंत्राची प्रत घेण्यास नकार देते; म्हणून स्थलांतराच्या वेळी नव्या आवृत्तीचे साधन वापरून जुन्या यंत्राची प्रत घेतात. मायएसक्यूएलमध्ये ५·६ वरून थेट ८·० वर जाता येत नाही. मध्ये ५·७ वर थांबावे लागते, आणि ८·० वरून जागच्या जागी ५·७ वर परत येण्याची सोय नाही. ऑरॅकलमध्ये सुसंगतीची पातळी दर्शविणारे एक मूल्य असते. ते वाढविल्यावर कमी करता येत नाही. यास्तव जाणकार व्यवस्थापक यंत्राचे श्रेणीवर्धन करून ते मूल्य काही काळ जुनेच ठेवतात व कारभार सुरळीत चालल्याची खातरी झाल्यावर वाढवितात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही कल्पना अधिक पुढे नेलेली आहे. प्रत्येक डेटाबेसास सुसंगतीची पातळी दिलेली असते : २००८ साठी १००, २०१४ साठी १२०, २०१९ साठी १५०, २०२२ साठी १६० याप्रमाणे. नव्या यंत्रावर जुन्या पातळीने डेटाबेस चालविता येतो व पातळी पुन्हा खालीही आणता येते. २०१४ मध्ये प्रश्नास किती ओळी सापडतील याचा अंदाज करण्याची रीत बदलली. बहुतेक प्रश्न त्यामुळे वेगवान झाले आणि थोडे फार मंदावले. त्या थोड्यांसाठी पातळी जुनी ठेवण्याची सोय उपयोगी पडली. मात्र यंत्रातून काढून टाकलेली सर्वच वैशिष्ट्ये पातळी उतरवून परत मिळत नाहीत.

दोन आज्ञावलींना एकाच डेटाबेसाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असतील, तर त्या शेजारी शेजारी चालविणे हा मार्ग उरतो. एसक्यूएल सर्व्हर २००० पासून एका यंत्रावर वेगवेगळ्या नावांनी अनेक प्रती चालविता येतात. अलीकडे प्रत्येक प्रत तिच्या सर्व आनुषंगिक संचांसह स्वतंत्र कंटेनरात ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. विरोध त्यामुळे नाहीसा होत नाही, वेगळा कोंडला जातो. तथापि पुष्कळ कार्यालयांना तेवढे पुरते.

जुनी आवृत्ती ठेवण्याची किंमत : विरोध टाळण्याचा सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे काहीही न बदलणे. त्याचे परिणाम २५ जानेवारी २००३ रोजी जगाने पाहिले. त्या दिवशी पसरलेला स्लॅमर हा संगणकीय कृमी अवघ्या ३७६ बाइटांचा होता आणि एसक्यूएल सर्व्हर २००० मधील एका दोषातून तो शिरत असे. दुरुस्ती जुलै २००२ पासूनच उपलब्ध होती. सुमारे ७५,००० यंत्रे बाधित झाली. असुरक्षित यंत्रांपैकी बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकेच्या हजारो रोकड यंत्रांचे काम थांबले आणि ओहायओतील डेव्हिस-बेसी अणुकेंद्रात सुरक्षिततेची मापे दाखविणारी संगणकव्यवस्था काही तास बंद राहिली. या डेटाबेसाची एक छोटी आवृत्ती अनेक आज्ञावलींच्या पोटात घालून विकली जात असे. आपल्या यंत्रावर डेटाबेस आहे हेच अशा वापरकर्त्यांना ठाऊक नव्हते, मग तो दुरुस्त करण्याची गोष्ट दूरच.

याउलट सावकाश व परतीचा मार्ग राखून केलेल्या श्रेणीवर्धनाचे चांगले उदाहरण म्हणजे गिटहब या संस्थेचे मायएसक्यूएल ५·७ वरून ८·० वर झालेले स्थलांतर. १,२०० हून अधिक यंत्रांच्या या कामास वर्षाहून अधिक काळ लागला व त्याचा वृत्तांत संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. आधी केवळ वाचनाची यंत्रे बदलण्यात आली, मागाहून लेखनाचे मुख्य यंत्र, आणि जुन्या आवृत्तीची यंत्रे परतीसाठी काही काळ सज्ज ठेवण्यात आली. ८·० चा नवा गृहीत वर्णक्रम ५·७ ला अज्ञात असल्याने, परतीची वाट खुली राहावी म्हणून दोहोंना समजणारा वर्णक्रम मुद्दाम वापरावा लागला.

डेटाबेस भाड्याने देणाऱ्या सेवांमुळे केव्हा बदलावे हा निर्णय आता पूर्णपणे वापरणाऱ्याच्या हाती राहिलेला नाही. ॲमेझॉनच्या सेवेत मुदत संपलेल्या मायएसक्यूएल ५·७ व पोस्टग्रेएसक्यूएल ११ या आवृत्त्या चालू ठेवण्यासाठी २०२४ पासून जादा आकार लावण्यात येऊ लागला, आणि सुसंगती तक्त्यात नवी आवृत्ती येईपर्यंत थांबणाऱ्या संस्थांना तो भरावा लागतो.